नाताळातील पणजी : परकी नव्हे, मालकीचीही नव्हे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की सोलापुरातून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. थंडी बेताची असते, लग्नसराईचा पहिला हंगाम उरकलेला असतो आणि नव्याने संसाराला लागलेल्या जोडप्यांना दोन-तीन दिवसांत जाऊन येण्याजोगे ठिकाण हवे असते. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली तेव्हा शहरात तिचे जे कौतुक झाले, त्यावरून या ओढीचा अंदाज यावा. गोव्यात गेलेल्यांचा एक दिवस समुद्रकिनाऱ्यांचा असतो. दुसरा दिवस राजधानीचा, म्हणजे पणजी आणि तिच्या शेजारच्या जुन्या गोव्याचा. चर्चच्या पायऱ्यांवर फोटो, रंगीत घरांच्या गल्लीत फोटो, संध्याकाळी मांडवीत बोटीची फेरी, आणि रात्री घरोघरी टांगलेल्या कागदी नक्षत्रांचा उजेड. परत आल्यावर या दिवसाचे वर्णन बहुधा एकाच वाक्यात होते : 'अगदी परदेशात गेल्यासारखं वाटलं.'

हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते, आणि त्यात वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. तरीही मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने त्यापाशी थांबावे, असे मला वाटते. गोव्याकडे पाहण्याच्या मराठी माणसाच्या दोन सवयी आहेत. पहिली सवय गोव्याला परदेश ठरवते. दुसरी त्याला आपल्याच घराची एक खोली मानते. वरवर पाहता या सवयी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे समोरचे शहर न दिसणे. पणजीतला नाताळाचा एक दिवस या दोन्ही सवयी तपासायला पुरेसा आहे, आणि ही तपासणी करण्यास सोलापूरचा माणूस इतर कोणाहून अधिक योग्य आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे या लेखात मांडतो.

आधी 'परदेशा'चा विचार करू. ज्या सणासाठी हे जोडपे गेले त्याचे मराठी नावच पोर्तुगीजांकडून आलेले आहे. 'नाताळ' हा पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ जन्म, जन्मोत्सव. इंग्रज या देशात पाय रोवण्याच्या कितीतरी आधी तो कोकणपट्टीवर रुजला आणि मराठी पंचांगात, दिनदर्शिकेत जाऊन बसला. अलीकडे शहरी मराठीत त्याची जागा 'ख्रिसमस' घेऊ लागला आहे. या बदलाकडे केवळ इंग्रजीचे आक्रमण म्हणून पाहिले जाते, पण त्यात आणखी एक गोष्ट घडते. 'नाताळ' म्हणताना तो सण शेजाऱ्याचा असतो. 'ख्रिसमस' म्हणताना तो चित्रपटातला, बर्फातला, दूरचा होतो. शब्द बदलला की सणाचे अंतरही बदलते.

हा एकच शब्द नव्हे. पाव, बटाटा, चावी, घमेले, पाद्री, हापूस ही सगळी मंडळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरून मराठीत स्थायिक झाली. 'पगार' हा शब्दही त्यांतलाच. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाऊ लागली. तेव्हापासून या शहराचे जगणे ज्या एका शब्दाभोवती फिरत राहिले तो शब्द मांडवीच्या मुखातून आत आला आहे, हे गिरणगावातल्या फारच थोड्यांच्या मनात आले असेल. तेव्हा आमच्या जोडप्याला पणजीत जे परदेशी वाटते त्याचा बराच भाग ते आपल्या तोंडात घेऊनच निघालेले असते.

आता दिवसाच्या वाटेने जाऊ. मांडवीच्या काठाने फिरताना एक लांबलचक, उतरत्या कौलांची पांढरी इमारत लागते. पाटीवर आदिलशहाचा राजवाडा असे नाव असते. बहुतेक पर्यटक तिच्यासमोर दोन मिनिटे थांबून पुढे सरकतात. सोलापूरकराने मात्र तिथे जरा जास्त थांबायला हवे. गोवा विजापूरच्या आदिलशाहीत होता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने तो कायमचा जिंकला, आणि नदीकाठचा हा आदिलशाही वाडा पोर्तुगीजांच्या हाती गेला. १७५९ पासून तो व्हॉइसरॉयचे निवासस्थान झाला. पुढे सचिवालय झाला, आणि गोवा मुक्त झाल्यावर गोव्याची विधानसभाही तिथेच भरू लागली. २००० साली विधानसभा पलीकडच्या काठावर पर्वरीला नव्या इमारतीत गेली. पाचशे वर्षे सत्ता या एकाच छपराखाली कूस बदलत राहिली.

आपल्याकडे सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात तो लग्नाचे आंदण म्हणून कबूल झाला, नाकारला गेला, आणि त्यावरून लढाया झाल्या. विजापूर, म्हणजे आजचे विजयपुरा, आपल्यापासून शंभरएक किलोमीटरवर आहे. गोलघुमट पाहायला शाळेच्या सहली जातात. म्हणजे पणजीचा वाडा आणि सोलापूरचा किल्ला ही एकाच राज्याची दोन टोके. सुट्टीत सोलापूरहून पणजीला जाणारे जोडपे परदेशी जात नाही. ते एका जुन्या राज्याच्या कोरड्या उत्तरसीमेवरून ओल्या पश्चिमसीमेवर जाते. हे कळण्यासाठी इतिहासाचे पदवीधर असावे लागत नाही. फक्त पाटी वाचून 'हा कुठला आदिलशहा?' असा प्रश्न एकाने दुसऱ्याला विचारावा लागतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी याहून महत्त्वाचा थांबा बसस्थानकाच्या जवळच आहे. पाट्टो भागात गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेले हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. त्याला आज कृष्णदास शामा यांचे नाव आहे. सासष्टीतील केळशी गावच्या या कवीने १५२६ साली ओवीत कृष्णचरित्र रचायला घेतले, आणि ते मराठीत रचले. आल्बुकेर्कच्या विजयाला तेव्हा फक्त सोळा वर्षे झाली होती. एकनाथांचा जन्मही व्हायचा होता. नाताळच्या दिवशी ग्रंथालय बंद असणार. पण आदल्या दिवशी वा नंतरच्या दिवशी दारातून नाव वाचून जायला काही हरकत नाही.

आणि मग 'क्रिस्तपुराण'. आमच्या अभ्यासक्रमात या ग्रंथाला वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात एखादे पान मिळते, आणि परीक्षेत चार गुणांची टीप. त्या टिपेत एवढेच येते की फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या लिहिल्या. मराठी दिनाच्या भाषणात त्याच ओव्या पुन्हा येतात. जणू दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या भाषेला प्रशस्तिपत्र देण्यासाठीच लिहिला गेला! स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले आणि १६१९ साली तो वारला. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. त्याचे 'पैलें पुराण' जुन्या करारावर, तर 'दुसरें पुराण' येशूच्या चरित्रावर आहे. म्हणजे बेथलेहेमच्या गोठ्यातील जन्माची कथा, ज्या कथेचे मातीचे आणि गवताचे देखावे नाताळात गोव्याच्या घरोघरी मांडले जातात, ती मराठी ओवीत चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. तुकोबांचा जन्म १६०८ चा मानला तर ते तेव्हा आठ वर्षांचे होते.

या ग्रंथाचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती आनंदाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली, १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ सोडता ते १८१२ पर्यंत टिकले. जुन्या पोथ्या हातून गेलेल्या नवख्रिस्ती माणसांना पुराण ऐकण्याची जी सवय होती, ती रिकामी जागा भरण्यासाठी स्टीफन्सने पुराणाचाच साचा घेतला. एका हाताने हिरावलेले दुसऱ्या हाताने परत दिले गेले, पण तसेच परत दिले गेले नाही. या ग्रंथाचे सौंदर्य आणि त्यामागची हिंसा या दोन गोष्टी एकत्र वाचता येत नसतील तर तो न वाचलेलाच बरा. देवनागरीत तो मराठी वाचकांपर्यंत नीट पोहोचायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली आवृत्ती पुण्याहून निघाली. साडेतीन शतके आपल्याच भाषेतले एक महाकाव्य आपल्या लिपीबाहेर राहिले, आणि आपल्याला त्याची फारशी टोचणी लागली नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद वाचून एखाद्या वाचकाच्या मनात एक समाधान दाटून येत असेल. वाडा आदिलशहाचा, ग्रंथालयाला नाव मराठी कृष्णचरित्राच्या कवीचे, नाताळाची कथा मराठी ओवीत. म्हणजे हे सगळे आपलेच तर आहे! नेमकी इथेच दुसरी सवय सुरू होते, आणि ती पहिलीहून अधिक धोक्याची आहे.

वाड्याच्या शेजारी एक विलक्षण पुतळा आहे. हात पसरून उभा असलेला एक पाद्री आणि त्याच्या प्रभावाखाली कोसळत असलेली एक स्त्री. हा आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला, पॅरिसमध्ये संमोहनविद्येमुळे नावारूपाला आलेला आणि १८१९ साली तिथेच वारलेला गोमंतकीय. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ चा. जोडपी या पुतळ्याची नक्कल करत फोटो काढून घेतात. फारियाविषयी एक आख्यायिका गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन देताना तो अडखळला. तेव्हा त्याच्या वडिलांनी खालून कुजबुजत त्याला धीर दिला की ही सगळी भाजी आहे, 'कातर रे भाजी'. समोरचे दरबारी म्हणजे निव्वळ पालेभाजी, कापत सुट! हे शब्द कोकणी आहेत, आणि सोलापूरच्या माणसाला ते भाषांतराशिवाय कळतात.

कळतात, म्हणूनच गोंधळ होतो. जे मला न शिकता समजते ते माझ्याच भाषेचे रूप असले पाहिजे, असा निष्कर्ष आपण फार सहज काढतो. या निष्कर्षावर मराठीत एकेकाळी पानेच्या पाने लिहिली गेली : कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? तो वाद भाषाशास्त्राचा होता त्याहून अधिक राजकारणाचा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही हा प्रश्न पेटला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे चिन्ह दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्राला नम्र पण स्पष्ट नकार दिला. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, मराठीच्या वापराची तरतूदही त्याच कायद्यात राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले, आणि १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

हे आकडे पुन्हा सांगण्याचे कारण जुनी भांडणे उकरणे हे नाही. १,३८,१७० हा आकडाही तितकाच खरा आहे; मराठीला आपली मानणारी माणसे गोव्यात होती आणि आहेत. भजनात, नाटकात, वर्तमानपत्रात मराठी तिथे जिवंत आहे. पण प्रेमाचा धागा असणे वेगळे आणि मालकीचा कागद असणे वेगळे. 'क्रिस्तपुराण' मराठीत आहे म्हणून गोवा मराठी, असे म्हणणाऱ्याने स्टीफन्सची उरलेली पुस्तके पाहावीत. धर्मतत्त्वे शिकवणारी त्याची प्रश्नोत्तरी १६२२ साली छापली गेली, ती कोकणीत आहे. त्याने लिहिलेले व्याकरण १६४० साली राशोलला छापले गेले, ते कोकणीचे आहे. पुराण सांगायचे तेव्हा त्याने मराठी घेतली, कारण पुराणाची भाषा ती होती. पोराबाळांना घरच्या ओट्यावर शिकवायचे तेव्हा कोकणी घेतली, कारण घराची भाषा ती होती. आपण त्यातला एक ग्रंथ उचलला आणि बाकीचे दोन तिथेच ठेवले.

दोन भाषांतून लिहिण्याची ही वाट स्टीफन्सपाशी संपत नाही. बा. भ. बोरकर मराठीचे मोठे कवी. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८१ साली, 'सासाय' या कोकणी संग्रहासाठी. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार म्हणून नावाजले आणि उत्तरायुष्यात कोकणीकडे वळले. महाबळेश्वर सैल दोन्ही भाषांत लिहीत आले आहेत. या लेखकांना आपण एकतर 'आपले' म्हणून मिरवतो, नाहीतर कोकणीकडे गेले म्हणून हळहळतो. ते दोन्हीकडे पूर्णपणे असू शकतात, ही शक्यता आपल्या वाङ्मयेतिहासाला अजून पचलेली नाही. रवींद्र केळेकरांना २००६ चा आणि दामोदर मावजो यांना २०२२ चा ज्ञानपीठ पुरस्कार कोकणीसाठी मिळाला. आमच्या पदव्युत्तर वर्गांत या दोघांचे किती वाचले जाते?

आता सोलापूरच्या माणसाकडे येतो. पुण्याच्या वा मुंबईच्या पर्यटकापेक्षा तो गोवा समजून घ्यायला अधिक लायक आहे असे मी आरंभी म्हटले, त्याचे कारण त्याच्या घरातच आहे. सोलापूर हे चार भाषांचे शहर. पद्मशाली विणकराच्या घरात तेलुगू, अक्कलकोट रस्त्याने आलेल्याच्या घरात कन्नड, बेगमपेठेत उर्दू. आणि शाळेत, कचेरीत, वर्तमानपत्रात मराठी. स्वयंपाकघराची भाषा एक आणि अर्ज लिहिण्याची दुसरी, हा इथला रोजचा व्यवहार. विणकराची नात मराठीत कविता लिहिते म्हणून तिची तेलुगू मराठीची बोली ठरत नाही. तिची मराठीही त्यामुळे उसनी ठरत नाही. हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मग पणजीत उतरल्यावर आम्ही ते का विसरतो?

याहून टोकदार उदाहरण आमच्या ग्रामदैवताचे आहे. मकरसंक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, आणि त्यांची वचने कन्नड. सोन्नलगी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावाचे थोर प्राचीन साहित्य असे कन्नडमध्ये आहे. उद्या एखादे जोडपे धारवाडहून आले, तलावाकाठी उभे राहिले आणि म्हणाले, 'हे तर सगळे आमचेच आहे', तर आम्हाला काय वाटेल? त्यांचे म्हणणे खोटे नाही असे वाटेल, आणि तरीही काहीतरी खुपेल. ते खुपणे ओळखीचे आहे. ज्या १९६७ च्या जानेवारीत गोव्याने कौल दिला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि त्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावेत अशी शिफारस होती. भाषेच्या धाग्याने कोणी आपल्या अंगणावर हक्क सांगू लागले की कसे वाटते, हे सोलापूर जिल्ह्याला ठाऊक आहे. गोव्याच्या दोन पानांचा अर्थ आम्हाला कळायला अडचण पडू नये.

राहिला प्रश्न जोडप्याचा. एकटा प्रवासी आणि जोडपे यांच्या पाहण्यात फरक असतो. मराठी प्रवासवर्णनात जोडपे बहुधा 'आम्ही' या सर्वनामात विरघळते, आणि ते 'आम्ही' एकाच्याच लेखणीतून उतरते. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले. त्या प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या. त्यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले तेव्हा मराठी वाचकाला कळले की एकाच घरातून, एकाच खिडकीतून दोन वेगळी दृश्ये दिसू शकतात. दोन्ही पुस्तके वाचल्यावर एक खरे आणि दुसरे खोटे ठरत नाही. मला वाटते, चांगल्या सहजीवनाची आणि चांगल्या शेजाराची कसोटी एकच आहे : शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वेगळे दिसते आहे, हे मान्य करता येते का?

पणजीचा दिवस ही कसोटी फोंताइन्यासच्या गल्लीत घेतो. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, छोटे सज्जे. नाताळात तिथे नक्षत्रे लटकतात आणि फोटोसाठी रीघ लागते. काही घरांबाहेर फोटो काढू नयेत, शांतता राखावी अशा पाट्या लागल्या आहेत. पर्यटकांना त्यांचा राग येतो. पण ज्या दारात नवरा बायकोला 'जरा डावीकडे सरक' म्हणतो, त्या दाराआड कोणाचा तरी सण चालू असतो. कोणी आजारी असेल, कोणी मध्यरात्रीच्या मिसाहून येऊन झोपले असेल. गल्लीला परदेश मानले की ती देखावा होते. आपली मानली की विचारण्याची गरज उरत नाही. शेजाऱ्याची मानली तरच दार ठोठावण्याची रीत आठवते.

गोव्याच्या नाताळात या शेजाराची एक सुंदर पद्धत आहे. सणाच्या दिवसांत घरी केलेल्या गोडधोडाचे ताट शेजाऱ्यांकडे पाठवले जाते. ताट घेणाऱ्यांत हिंदू घरेही असतात, आणि चवथीला वा दिवाळीला तिकडून फराळाचे ताट परत येते. या ताटात दोदोल असतो, बेबिंका असते, कुलकुल असतात आणि नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजी. दोन्ही धर्मांच्या सणात तीच, सारण थोडे वेगळे. ताट पाठवणारा 'माझे घर तुझेच आहे' असे म्हणत नाही, आणि ताट घेणारा त्या घरावर हक्क सांगत नाही. मधे एक उंबरठा असतो आणि तो दोघांनीही जपलेला असतो. मराठी आणि कोकणी यांच्या नात्याला मला यापेक्षा चांगली रीत सुचत नाही. आपण शेजारच्या घरातून आलेले 'क्रिस्तपुराण'चे ताट चारशे वर्षे ठेवून घेतले आहे. मोकळे ताट परत पाठवू नये, हा संस्कार सोलापुरातही आहे.

परत काय पाठवायचे? माझ्यापुरत्या तीन गोष्टी सुचवतो. मराठी विभागांनी 'क्रिस्तपुराण' प्रशस्तीच्या ओव्यांपुरते न शिकवता 'दुसऱ्या पुराणा'तील जन्मकथेचा भाग पूर्ण वाचावा, आणि त्याबरोबर स्टीफन्सच्या कोकणी पुस्तकांची माहिती द्यावी. पदव्युत्तर वर्गात एक तरी कोकणी कथा मूळ कोकणीत, देवनागरीत वाचली जावी. भाषांतर जवळ असू द्यावे, पण पहिले वाचन मूळचे व्हावे; किती कळते आणि कुठे अडते, या दोन्हींचा अनुभव घेतल्याशिवाय बोली-भाषा वादावर निबंध लिहू नये. आणि सोलापूरच्या महाविद्यालयांनी याच रीतीने सिद्धरामांची वचने मराठी विभागात आणावीत, म्हणजे शेजार एकाच दिशेचा राहणार नाही.

आणि जी जोडपी या नाताळात निघतील त्यांच्याकडे अभ्यासाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. ती सुट्टीवर आहेत. त्यांनी बोटीत बसावे, बेबिंका खावी, चर्चच्या पायऱ्यांवर फोटोही काढावेत. १५४१ साली तिथे साधे प्रार्थनामंदिर होते आणि आजची वास्तू १६१९ च्या सुमाराची आहे, हे ठाऊक नसले तरी त्या पायऱ्या देखण्याच आहेत. त्यांनी फक्त दिवसातून एकदा एखाद्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला मराठीत प्रश्न विचारून कोकणीतले उत्तर नीट ऐकून घ्यावे. हिंदीकडे वा इंग्रजीकडे लगेच वळू नये. काही शब्द कळतील, काही सुटतील. जे सुटतील तेवढे ते घर त्यांचे आहे; जे कळतील तेवढे आपण त्यांचे सोयरे आहोत.